दोन कॅमेरे आणि माजघरांतला उजेड

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु विकत घेणें हा नुसता बाजाराचा प्रश्न क्वचितच असतो. तो बहुधा घरचाच प्रश्न असतो. वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. पण ती कोणाच्या सांगण्यावरून आली, कोणाचें म्हणणें मागें पडलें आणि आल्यावर ती कोणाच्या कपाटांत गेली, याचा हिशेब पुढें वर्षानुवर्षें चालतो. गेल्या महिन्यांत आलेल्या एका पत्रानें ही गोष्ट आमच्या पुन्हां ध्यानांत आणून दिली, आणि म्हणून या खेपेचें सदर त्या एकाच पत्रास देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पत्र साताऱ्याकडील एका भगिनीचें आहे. घर जुन्या वाड्यांतलें, माणसें अकरा, खर्चाची पेटी एक. आजेसासूबाईंना ऐंशी वर्षें पुरीं झालीं असून येत्या मार्गशीर्षांत त्यांचें सहस्रचंद्रदर्शन व्हावयाचें आहे. त्यानिमित्त घरांत एक चांगला कॅमेरा घ्यावा, याविषयीं सर्वांचें एकमत आहे. कोणता घ्यावा, येथें मात्र घर दुभंगलें आहे. थोरले दीर म्हणतात, कॅनन ईओएस १५००डी. बाईंचे यजमान म्हणतात, निकॉन डी३५००. "तीन आठवडे झाले, पानावर बसल्यावर दुसरा विषय नाहीं," असें त्या लिहितात. "मामंजी मला विचारतात, सूनबाई, तुझें काय मत? आतां मी थोरल्यांच्या बाजूनें बोललें तर खोलींत बोलणें होतें, आणि ह्यांच्या बाजूनें बोललें तर स्वयंपाकघरांत. तुम्हींच सांगा, दोहोंत चांगला कोणता?"

पत्र येथेंच संपलें असतें, तर आम्हीं दोन ओळींचें उत्तर पाठवून मोकळे झालों असतों. पण खालीं त्यांनीं आणखी चार वाक्यें लिहिलीं आहेत. त्यांच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वीं वारल्या. घरांतल्या फोनांत शेंकडों फोटो होते. परंतु सासूबाई कोठें वाढतांना पाठमोऱ्या, कोठें कडेला अर्ध्या, कोठें कोणाच्या तरी खांद्याआड. भिंतीवर लावण्याजोगा एकहि निघाला नाहीं. शेवटीं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला. "तो आमच्या सासूबाईंसारखा दिसत नाहीं," असें त्या म्हणतात. हीं वाक्यें वाचल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, प्रश्न दोन यंत्रांचा नाहीं. जें एकदां हातचें गेलें, तें दुसऱ्यांदां जाऊं नये, एवढीच त्या घराची तळमळ आहे.

एके काळीं फोटो काढून घेण्यासाठीं माणसाला उजेडाकडे जावें लागे. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडील त्या पहिल्या पिढीचे छायाचित्रकार होत. त्या काळीं रंगविलेल्या पडद्यापुढें बसावयाचें, मान हलूं नये म्हणून मागें लोखंडी आधार घ्यावयाचा, आणि श्वास रोखून धरावयाचा, असा प्रकार असे. आज कॅमेरा माणसाकडे येतो. पण माणूस जेथें खराखुरा राहतो, त्या माजघरांत, देवघरांत, चुलीपुढें उजेड बेताचाच असतो. म्हणून घरासाठीं कॅमेरा निवडतांना पहिला प्रश्न हा विचारावा कीं, तो आमच्या घरच्या उजेडांत काय करील?

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. डीएसएलआर या आद्याक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याची रचना मुळांत सोपी आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आंत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जातो, आणि वरच्या आरशांतून फिरून लहानशा खिडकींतून आपल्या डोळ्यांस दिसतो. बटण दाबतांच तो आरसा क्षणमात्र उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, आणि प्रकाश सेन्सर नांवाच्या संवेदनशील पट्टावर पडून चित्र उमटतें. 'खट्' असा जो आवाज होतो, तो या आरशाचा व पडद्याचा. फोनमधील सेन्सर याच्या मानानें फारच लहान असतो. भर उन्हांत तो फरक फारसा जाणवत नाहीं. संध्याकाळीं मात्र जाणवतो, आणि चित्र मोठें करून भिंतीवर लावूं गेल्यास तर उघडच दिसतो.

आतां या दोन यंत्रांकडे वळूं. दोन्ही २०१८ सालीं बाजारांत आलीं आणि दोन्ही नवशिक्यांसाठींच केलेलीं आहेत. ज्या एका आंकड्यावरून पुष्कळ घरांत वाद होतो, तो येथें वादाचा विषयच नाहीं, कॅननचा २४.१ मेगापिक्सेल, निकॉनचा २४.२. उत्तम छपाईसाठीं इंचास ३०० बिंदु धरले, तर या दोहोंतून सुमारें २० इंच लांब व १३ इंच रुंद चित्र निघतें. घरच्या भिंतीस याहून अधिक लागत नाहीं. सेन्सरचा आकार कॅननचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर आणि निकॉनचा २३.५ बाय १५.६, म्हणजे निकॉनचें क्षेत्र सुमारें एक दशांश अधिक. हा फरक कागदावर आहे. डोळ्यांस तो सहसा सांपडणार नाहीं.

जेथें फरक खरोखर हाताला लागतो, त्या बाबी अशा. निकॉनची बॅटरी एकदां भरली कीं, ठरलेल्या मापाप्रमाणें सुमारें १,५५० फोटो निघतात. कॅननचे सुमारें ५००. दिवसभराच्या समारंभांत हा भेद लहान नव्हे. निकॉनचें वजन बॅटरी व कार्डासह ४१५ ग्रॅम, कॅननचें ४७५. निकॉन एका सेकंदांत पांच फोटो काढतो, कॅनन तीन. मंद प्रकाशांत सेन्सरची संवेदनशीलता वाढविण्याची जी आयएसओ नांवाची सोय असते, ती निकॉनमध्यें २५,६०० पर्यंत जाते. कॅननमध्यें ६,४०० पर्यंत, व खास योजना करून १२,८०० पर्यंत. मात्र या वरच्या आंकड्यांवर कोणी फार भरंवसा ठेवूं नये. आयएसओ जसजसा वाढवावा, तसतसे चित्रावर वाळू पसरल्यासारखे कण दिसूं लागतात. दोन्ही यंत्रांत ३,२०० पर्यंत जाऊन थांबावें, हें आमचें मत.

कॅननच्या बाजूस दोन गोष्टी आहेत. पहिली वाय-फायची. फोटो काढला कीं तो बिनतारी फोनवर घेतां येतो, आणि परदेशीं असलेल्या मुलाला किंवा नणंदेला तेव्हांच धाडतां येतो. निकॉनच्या या यंत्रांत वाय-फाय नाहीं, केवळ ब्लूटूथ आहे. त्यावरून लहान आकाराच्या प्रति फोनवर आपोआप जातात. मूळ चित्रासाठीं कार्ड काढून संगणकांत घालणेंच सोयीचें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कॅननची ईएफ जातीची लेन्स १९८७ पासून निघत आली, आणि तिला रोखणारी मोटर लेन्समध्येंच असल्यामुळें जुनी लेन्सहि या कॅमेऱ्यावर आपोआप रोखली जाते. निकॉन डी३५०० च्या अंगांत मोटर नाहीं. ज्या जुन्या लेन्समध्येंहि ती नसेल, ती लेन्स बसेल, पण हातानें फिरवून रोखावी लागेल.

ही दुसरी गोष्ट आम्हीं मुद्दाम सांगितली. भगिनींच्या पत्रांत एक वाक्य सहज आलें आहे, पण आमच्या मतें सगळा निकाल त्यांत आहे. थोरल्या दिरांच्या कपाटांत त्यांच्या तरुणपणच्या, फिल्मवर चालणाऱ्या कॅनन कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स अद्याप आहे. धाकट्यांनीं तिला जेवतांना "अडगळ" म्हटलें, आणि तेव्हांपासून वाद चिघळला. ही अडगळ आहे कीं ठेव आहे, हें आतां पाहूं.

कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते, ती १८ ते ५५ मिलिमीटरची. तिचें तोंड जवळचें चेहरे टिपतांना एफ ५.६ पर्यंतच उघडतें. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सचें तोंड एफ १.८ पर्यंत उघडतें. या दोन आंकड्यांचा अर्थ असा कीं, दुसरींतून जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. ज्या माजघरांत पहिल्या लेन्सला सेकंदाचा सहावा भाग पडदा उघडा ठेवावा लागेल, तेथें दुसरीला साठावा भाग पुरतो. सेकंदाच्या सहाव्या भागांत ऐंशी वर्षांच्या माणसाची मान हलते, ओंठ हलतात, आणि चित्र पुसट होतें. लेन्सवर 'आयएस' अथवा 'व्हीआर' अशीं अक्षरें असल्यास आपल्या हाताचा कंप ती सांवरते; समोरच्या माणसाची हालचाल कोणतीहि लेन्स सांवरूं शकत नाहीं. मग फ्लॅश वापरावा म्हणावें, तर पत्रांत लिहिलें आहे कीं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून आजींना तो सोसत नाहीं. तो उडाला कीं डोळे मिटतात. शिवाय औक्षणाच्या दिव्यांचा सोनेरी उजेड फ्लॅशनें धुवून निघतो, हें ज्यानें एकदां पाहिलें, तो पुन्हां तसें करीत नाहीं.

म्हणजे घरच्या उजेडासाठीं मोठ्या तोंडाची लेन्स हवी. निकॉनसाठीं अशी ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स मिळते. पण ती निराळी विकत घ्यावी लागेल. थोरल्यांच्या कपाटांत मात्र तेंच काम करणारी लेन्स आधींच आहे. तर मग कॅननच घ्यावा काय? थांबा, आणखी एक हिशेब राहिला आहे.

लेन्सचा आंकडा जितका मोठा, तितका तिच्या दृष्टींत येणारा भाग अरुंद. दहा फुटांवरून पाहतां कॅननवरील ५० मिलिमीटरची लेन्स समोरची सुमारें साडेचार फूट रुंदी टिपते. निकॉनवरील ३५ मिलिमीटरची लेन्स सुमारें पावणेसात फूट. साडेचार फुटांत आजी व त्यांच्याशेजारीं एक माणूस. पावणेसात फुटांत आजी, दोन्ही नातू आणि दोन्ही सुना. कॅननवर तेवढीच रुंदी हवी असेल, तर पंधरा फूट मागें जावें लागेल. जुन्या माजघरांत पंधरा फूट मिळतीलच असें नाहीं. पाठ फडताळाला टेकते आणि चित्रांतून कोणी तरी बाहेर राहतें. या घरांत बाहेर कोण राहत आलें, हें वर सांगितलेंच आहे.

उलटपक्षीं, एकाच माणसाचा चेहरा टिपावयाचा असेल, तर हीच अरुंद दृष्टि गुणाची ठरते. ५० मिलिमीटरच्या लेन्सनें सहा-सात फुटांवरून काढलेला चेहरा डौलदार व प्रमाणशीर येतो. ३५ मिलिमीटरनें तेवढाच मोठा चेहरा हवा असेल, तर फार जवळ जावें लागतें, आणि नाक किंचित् मोठें, कान किंचित् मागें गेल्यासारखे दिसतात. भिंतीवर लावावयाचा जो एक फोटो, त्यासाठीं थोरल्यांची लेन्स योग्य. सगळें घर एका दिव्याभोंवतीं जमल्याचा जो फोटो, त्यासाठीं धाकट्यांची निवड योग्य. दोघेहि भाऊ बरोबर आहेत. दोघांच्या डोळ्यांपुढें चित्रें मात्र निराळीं आहेत, आणि तें कोणीच बोलून दाखविलेलें नाहीं.

आतां आमचा सल्ला. एक टॉर्च आणि एक मोजण्याची टेप घ्यावी. थोरल्यांनीं आपल्या हातानें लेन्स कपाटांतून काढावी, तिच्या मागून टॉर्चचा उजेड टाकावा, आणि आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसतात कीं काय, तें पाहावें. आपल्याकडील पावसाळ्यांत बंद कपाटांतल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती एकदां कांचेंत खोल गेली कीं दुरुस्तीचा खर्च सहसा परवडत नाहीं. मग माजघरांत दिवा जेथें ठेवावयाचा, तेथून समोरच्या भिंतीपर्यंत टेपेनें अंतर मोजावें. लेन्स स्वच्छ निघाली आणि पंधरा फूट मिळाले, तर नि:शंकपणें कॅनन घ्यावा. अर्धें काम घरच्याच वस्तूनें होईल. पंधरा फूट मिळत नसले पण लेन्स स्वच्छ असली, तरीहि कॅननच घ्यावा, आणि औक्षण माजघराऐवजीं ओसरीवर, दिवसाच्या उजेडांत करावें. तेथें कॅमेऱ्याबरोबरची लेन्स पुरेशी आहे. लेन्सला बुरशी असली, तर मात्र निकॉन व त्याची ३५ मिलिमीटरची लेन्स घ्यावी. ज्या वाचकांच्या कपाटांत कोणतीच जुनी लेन्स नाहीं, त्यांनाहि आम्हीं हेंच सांगूं. अशा रीतीनें निकाल टॉर्च व टेप देतील. धाकट्यापुढें थोरला हरला, असें होणार नाहीं, आणि सूनबाईंस कोणाचीच बाजू घ्यावी लागणार नाहीं.

खरेदीविषयीं एक इशारा दिलाच पाहिजे. २०१८ मध्येंच या दोन्ही कंपन्यांनीं बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठीं नव्या लेन्सांची व्यवस्था सुरू केली, आणि पुढें त्यांचा सारा ओढा तिकडे वळला. डी३५०० चें उत्पादन तर थांबलेलें आहे; तो घ्यावयाचा म्हणजे शिल्लक माल किंवा वापरलेला, असेंच समजावें. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. चांगलें यंत्र कमी पैशांत पदरीं पडतें. पण पावती मागावी. पडदा किती वेळां उघडला, तें विचारावें. निकॉनचा हा पडदा एक लाख वेळां उघडण्याच्या कसोटीस लावलेला आहे, आणि झालेल्या फोटोंची संख्या त्याच्या चित्रासोबत नोंदलेली सांपडते. लेन्सचें तोंड अगदीं बारीक करून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढावा. काळे ठिपके दिसल्यास सेन्सरवर धूळ आहे असें जाणावें. बरोबरच्या लेन्सवर 'आयएस' किंवा 'व्हीआर' हीं अक्षरें आहेत कीं नाहींत, हें डोळ्यांनीं वाचावें, कारण तीं नसलेल्या लेन्सहि त्याच रूपाच्या असतात. घरीं आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पिशवींत किंवा कपड्यांच्या कपाटांत ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, आणि आठवड्यांतून एकदां तरी बाहेर काढून वापरावा.

आणखी दोन गोष्टी सांगून हें सदर पुरें करतों. कॅमेरा एकट्याच्या मालकीचा होऊं देऊं नये. ज्याच्या हातांत तो नेहमीं असतो, तो माणूस घरच्या एकाहि चित्रांत सांपडत नाहीं. जी बाई नेहमीं वाढीत असते, ती पाठमोरीच येते. दोन्ही यंत्रांत सर्व गोष्टी आपोआप जुळविण्याची सोय आहे, आणि खिडकीजवळचें बारीक चाक फिरवून चष्मा असलेल्या डोळ्यासहि ती जुळवितां येते. दहा वर्षांच्या मुलापासून मामंजींपर्यंत सर्वांना तो धरतां आला पाहिजे. आणि समारंभाच्या दिवशीं दर तासाला तो एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला पाहिजे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनाहि आम्हीं हेंच सांगतों: त्या दिवशीं एक तास तरी आपण पंगतींत बसा, आणि वाढण्याचें काम दोघां भावांकडे द्या.

दुसरी गोष्ट अशी कीं, मार्गशीर्षाची वाट पाहूं नका. कॅमेरा येईल तेव्हां येईल. येत्या रविवारीं सकाळीं आजींना ओसरीवरच्या खिडकीजवळ बसवा, उजेड एका गालावर येऊं द्या, त्यांच्याशीं त्यांच्या माहेरच्या गोष्टी काढा, आणि घरांत जो फोन असेल त्यानें फोटो घ्या. त्यांतला एक कागदावर छापून घ्या. मागें पेन्सिलीनें नांव, तिथि, वार आणि घेणाऱ्याचें नांव लिहा. वाद नंतर सावकाश मिटवितां येईल. तो फोटो मात्र तोंपर्यंत भिंतीवर असूं द्या.